आधी चित्र, मग अनुमान: वाचताना न लिहिलेलं ओळखायला मुलांना कसं शिकवायचं

धडा वाचून झाल्यावर "रमेशने किती घागरी उचलल्या?" असं विचारलं की अर्धा वर्ग हात वर करतो. "सगळे एवढ्या घाईत का होते?" असं विचारलं की हात खाली येतात आणि मुलं पुस्तकात उत्तराची ओळ शोधू लागतात. ती ओळ पुस्तकात नसतेच.

जिल्हा परिषदेच्या शाळांतले अनेक शिक्षक हे न लिहिलेलं ओळखायला शिकवायचा मनापासून प्रयत्न करतात, पण क्रम चुकतो. मुलाच्या डोळ्यांपुढं प्रसंग उभा राहायच्या आतच "तुला काय वाटतं?" हा प्रश्न येतो. मूल एकतर गप्प बसतं किंवा तोंडाला येईल ते सांगतं, आणि आपण "छान" म्हणून पुढं जातो. क्रम असा हवा: आधी मनातलं चित्र, मग त्या चित्राला मजकुरातला आधार, आणि शेवटी अनुमान. खालचे टप्पे तिसरी ते सातवीच्या वर्गांसाठी आहेत.

## वर्गात जाण्याआधी

उतारा निवडा. पाच ते आठ ओळींचा पुरे. त्यासोबत चित्र नको, कारण चित्र छापलेलं असलं की मूल स्वतःचं चित्र तयार करत नाही. उताऱ्यात एखादी महत्त्वाची गोष्ट न सांगता सोडलेली हवी, आणि ती ओळखायला लागणारी माहिती मुलांकडं आधीपासून हवी. या शेवटच्या अटीकडं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं.

समजा उताऱ्यात असं आहे: "कडब्याच्या कोपीपुढं घोंगडी अंथरली होती. आईनं डोक्यावरचं अंबिलाचं मडकं खाली उतरवलं." लातूर-धाराशिवकडची मुलं पुढची ओळ वाचायच्या आत "येळवस!" म्हणून ओरडतील. जालन्याच्या एखाद्या गावात तोच उतारा घेतलात तर मुलं गोंधळतील. तिथल्या मुलांची बुद्धी कमी पडली असं त्यात काही नाही. वेळ अमावस्येचा, म्हणजे येळवशीचा, सण त्यांच्या घरी होत नसेल, तर मजकुरातल्या खुणेला जोडायला त्यांच्याकडं दुसरं टोकच नाही.

समुद्राचंही तसंच. पैठणच्या मुलानं नाथसागर पाहिलेला असतो, त्यामुळं पाण्याचा मोठा विस्तार त्याला कळतो. पण भरती-ओहोटी, खारा वारा, वाळूत उमटलेली खेकड्याची वाट हे काही त्याच्या डोळ्यांपुढं येणार नाही. असा धडा शिकवायचा असेल तर आधी चित्रफीत दाखवा, बोला, आणि अनुमानाचा सराव दुसऱ्या उताऱ्यावर घ्या. शहरातल्या वर्गात हीच अडचण उलटी येते. छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला खळं, तिफण, बारव हे शब्द दाखवून समजवावे लागतील.

वाचनाचा वेग पाहा. अक्षर अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाचं सगळं लक्ष अक्षरांत अडकतं, चित्रासाठी काही उरत नाही. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त ठिकाणी मूल अडखळत असेल तर त्याला तो उतारा स्वतः वाचायला लावू नका, तुम्ही वाचून दाखवा. ऐकूनही चित्र तयार होतं आणि अनुमानही करता येतं. जी मुलं वाचनात मागं आहेत ती इथं कित्येकदा पुढं असतात, आणि हे वर्गाला दिसणं फार मोलाचं आहे.

उत्तर आधी स्वतः लिहा. उताऱ्यातून काय काय ओळखता येतं आणि कोणत्या शब्दावरून, हे कागदावर मांडा. जे अनुमान कोणत्याही शब्दाला टेकत नाही ते काटा. हे केलं नाहीत तर वर्गात मुलाचं उत्तर बरोबर की चूक हे तुम्हालाच ठरवता येणार नाही.

> तपासा: उताऱ्यातल्या कोणत्या दोन-तीन ठिकाणी थांबायचं ते पेन्सिलीनं खूण करून ठेवलंय का? प्रत्येक ओळीला थांबलात तर गोष्ट तुटते आणि चित्रही.

## टप्पा १: एका वाक्याचं चित्र

फळ्यावर एकच वाक्य लिहा: *ओसरीत म्हातारा बाजेवर बसला होता.*

वाक्य दोनदा सावकाश वाचा आणि मुलांना अर्धा मिनिट गप्प बसू द्या. डोळे मिटायला सांगायचं की नाही ते तुमचा वर्ग पाहून ठरवा, काही वर्गांत डोळे मिटले की खोड्या सुरू होतात. मग विचारा: म्हातारा कुठं बघतोय? अंगात काय आहे? सकाळ आहे की संध्याकाळ? आवाज कसला येतोय? वास? चित्र म्हणजे डोळ्यांना दिसणारं तेवढंच, अशी मुलांची समजूत होऊ देऊ नका. आवाज आणि वासही त्यात येतात.

उत्तरं फळ्यावर दोन रकान्यांत लिहा. डावीकडं *वाक्यात होतं*, उजवीकडं *मी घातलं*. म्हातारा, बाज, ओसरी डावीकडं. फेटा, तंबाखूची चंची, शेजारी बसलेलं कुत्रं उजवीकडं. उजवीकडचं चूक नाही, पुढचा मजकूर त्याला छेद देईपर्यंत ते राहू शकतं. पण कोणतं आपलं आणि कोणतं लेखकाचं हे मुलाला कळलंच पाहिजे. पुढचे सगळे टप्पे या दोन रकान्यांवर उभे आहेत, त्यामुळं इथं घाई करू नका.

तांड्यावरच्या मुलांना हे गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगायचं असेल तर सांगू द्या. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू येईल, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, बऱ्याच गावांत दखनी. मनातलं चित्र घरच्या भाषेत चटकन बोलता येतं, मराठी शब्द मागून जोडता येतात. प्रमाण मराठीत सांग म्हणून अडवलंत तर मूल चित्रच छोटं करून टाकतं.

चित्र काढायला लावायचं का? लावा, पण तीन मिनिटं, पेन्सिलीनं, काडीमाणसं चालतील, रंग नाहीत. हा चित्रकलेचा तास झाला की काम बिघडलं. सुबक चित्राला शाबासकी दिलीत तर मुलं मजकूर सोडून चित्राच्या मागं लागतात.

> सावधान: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि झोपडी असं चित्र आलं तर ते मजकुरातून आलेलं नाही, हाताच्या सवयीतून आलंय. ज्या गावातून डोंगर दिसतही नाही तिथली मुलंसुद्धा हेच काढतात. रागवू नका. "वाक्यातला म्हातारा कुठंय?" एवढंच विचारा.

## टप्पा २: शिक्षकानं मोठ्यानं विचार करणं

"मनात चित्र आणा" असं सांगून मुलांना काही कळत नाही. जाणत्या वाचकाच्या डोक्यात काय चालतं ते त्यांना ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी हा उतारा वापरता येईल:

*लांबून हॉर्न ऐकू आला. काकूनं तव्यावरची भाकर तशीच सोडली. रमेशनं दोन घागरी उचलल्या. आजीनं मोरीतली रिकामी बादली घेतली. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिथं हंड्यांची रांग लागली होती. रांगेत माणसं मात्र थोडीच होती.*

वाचता वाचता असं बोला:

"लांबून हॉर्न ऐकू आला. मला रस्ता दिसतोय. गाडी कसली ते सांगितलेलं नाही, मी एसटी धरली. काकूनं तव्यावरची भाकर तशीच सोडली. आता मला चूल दिसते, भाकर करपल्याचा वास येतो. एसटीसाठी कुणी भाकर करपू देईल का? पाहुणे येणार असतील तर देईल कदाचित. एसटी अजून ठेवतो, पण शंका आली. रमेशनं दोन घागरी उचलल्या. गेली माझी एसटी! घागरी पाण्यालाच लागतात. म्हणजे हॉर्न टँकरचा होता."

यात तुमचा अंदाज आधी चुकतो आणि मजकूर वाचून तुम्ही तो बदलता, हे मुद्दाम ठेवलेलं आहे. सर सुद्धा आधी एसटी समजले होते, हे ऐकलं की मुलांची चुकायची भीती बरीच कमी होते. उतारा आधीपासून माहीत असल्यासारखा थेट "टँकर" म्हणालात तर टप्प्याचा उपयोगच उरत नाही.

या वेळी मुलांना प्रश्न विचारू नका. ऐकू द्या. दुसऱ्या दिवशी नवा उतारा घेऊन पुन्हा तेच करा आणि शेवटच्या दोन ओळींना मोठ्यानं विचार करायचं काम वर्गाकडं द्या.

## टप्पा ३: चित्र बदलणं

मुलं पहिल्या चित्राला चिकटून बसतात. यासाठी छोटी छोटी जोडवाक्यं पुरतात. "गणू पळत सुटला. मागून बाळू ओरडत येत होता." इथं थांबा आणि चित्र काढून घ्या. भांडण, पाठलाग, दगड असं काहीबाही येईल. मग पुढची ओळ वाचा: "अरे गण्या, डबा विसरलास!"

आधीचं चित्र खोडायला लावू नका. त्याच्या शेजारी नवं काढू द्या आणि कोणत्या शब्दामुळं चित्र बदललं त्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा. असे पाच-सहा नमुने तुम्ही स्वतः तयार करू शकाल, परिपाठातही घेता येतात.

> तपासा: मूल "मला आधी असं वाटलं होतं, पण..." असं आपणहून म्हणतंय का? निम्मा वर्ग म्हणू लागला की पुढं चला.

## टप्पा ४: "कशावरून?"

इथून अनुमान सुरू होतं. वहीत तीन रकाने आखा: *मजकुरात काय आहे*, *मला आधीपासून काय माहीत आहे*, *म्हणून मला काय वाटतं*. भरायचे याच क्रमानं. तिसरा रकाना आधी भरून मग आधार शोधणारं मूल हटकून ओढूनताणून आधार आणतं.

हा उतारा घ्या:

*दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. दारात ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल ठसे होते. कोयत्यांची खुंटी रिकामी होती. आजीनं दोनच भाकरी थापल्या. सोनीनं दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि आजीच्या पाठीला टेकून बसली. आजी म्हणाली, "ह्या वर्षी तू हितंच राहायचं. शाळा बुडवायची न्हाई."*

> सावधान: तुमच्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुलं असतील तर त्यांच्यासाठी ही गोष्ट नाही, घर आहे. कुणाचेही आईवडील कुठं गेलेत हे विचारू नका, बोलणं सोनीपुरतं ठेवा. नुकतेच आईवडील ऊसतोडीला गेले असतील तर हा उतारा त्या आठवड्यात घेऊच नका, टँकरचाच पुन्हा घ्या. एखादं मूल आपणहून बोललं तर ऐकून घ्या. या उताऱ्यातलं जाणकार तेच आहे.

वर्गातलं बोलणं साधारण असं जायला हवं:

"सोनीचे आईवडील कुठं असतील?"
"ऊस तोडायला, सर."
"कशावरून?"
"कोयते न्हाईत खुंटीला."
"कोयता शेतातही नेतात की."
"पण दारात ट्रॅक्टरचे ठसे हायेत. अन् दिवाळी झालीय. दिवाळी झाली की टोळ्या जातात."
"आणखी काही?"
"दोनच भाकरी, सर. घरात दोघीच हायेत."

एक खूण पुरत नाही, तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा अनुमान घट्ट होतं, हे मुलांनी इथं स्वतः अनुभवलं. "कोयता शेतातही नेतात की" हा तुमचा अडवणारा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. बरोबर उत्तर आलं म्हणून तिथंच थांबलात तर बाकीच्या खुणा बाहेरच येत नाहीत.

मग एखादं मूल म्हणेल, "सोनीची आई वारली असंल." चूक म्हणू नका, बरोबरही म्हणू नका. "कोणत्या ओळीवरून?" एवढंच. ओळ दाखवता आली नाही की बाकीच्यांना विचारा, "या अंदाजाच्या आड येणारी ओळ आहे का?" कुणीतरी शेवटच्या ओळीकडं जाईलच.

त्या ओळीत खरी गंमत आहे. "ह्या वर्षी" हे दोन शब्द फळ्यावरून पुसा आणि वाक्य पुन्हा वाचायला लावा: "तू हितंच राहायचं." काय हरवलं? सोनी मागच्या वर्षी आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर गेली होती, ही गोष्ट हरवली. तिची शाळा बुडाली होती, तीही हरवली. उताऱ्यात हे कुठंच लिहिलेलं नाही, आणि तरी दोन शब्दांत सगळं आहे. शब्द पुसून काय जातं ते पाहायची ही युक्ती मला बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त कामाची वाटते. कोणत्याही उताऱ्याला ती लागू पडते आणि साहित्य काही लागत नाही.

सोनी आजीच्या पाठीला टेकून का बसली, हा प्रश्न शेवटी घ्या. मनातल्या भावनेचं अनुमान सगळ्यांत अवघड असतं. मुलं "तिला दुःख झालं" म्हणून मोकळी होतात. त्यांना बाकावर तसं बसून पाहू द्या, एकाच्या पाठीला दुसरा टेकून. मग उत्तरं बदलतात: करमत नाही, आधार वाटतो, थोडी भीती वाटते, रुसलीय पण आजीवर नाही.

इथं नेहमी होणाऱ्या तीन चुका. पहिली, मुलं दोन सेकंद गप्प राहिली की शिक्षकच उत्तर सांगतात. दहापर्यंत मनात मोजा. दुसरी, "कशावरून?" फक्त चुकीच्या उत्तरालाच विचारलं जातं, त्यामुळं मुलांना तो शब्द ऐकला की आपलं चुकलं असं वाटतं. बरोबर उत्तरालाही विचारा. तिसरी, कठीण शब्दांचे सगळे अर्थ आधी फळ्यावर लिहून देणं. एखादा शब्द तसाच राहू द्या, आजूबाजूच्या ओळींवरून अर्थ काढणं हेही अनुमानच आहे.

## टप्पा ५: पक्कं, बहुतेक, आधार नाही

पुन्हा टँकरचा उतारा काढा आणि ही विधानं द्या.

टँकर आला: पक्कं. घागरी, बादली, हंडे सगळं तिकडंच जातं. हंडे आधीच रांगेत ठेवून लोक घरी गेले होते: हेही जवळजवळ पक्कं, कारण रांग आहे आणि माणसं थोडी. उन्हाळा होता: बहुतेक. इथं वाद घडू द्या, कारण पावसानं ओढ दिली तर आपल्याकडं ऑगस्टातही टँकर चालू असतात हे मुलांनी पाहिलेलं असतं. रमेशचे वडील घरी नव्हते: आधार नाही. त्यांचा उल्लेख नाही एवढंच.

शेवटच्या विधानावर थोडं थांबा. उल्लेख नसणं आणि नसल्याची खूण असणं यात फरक आहे. सोनीच्या घरी दोनच भाकरी थापल्या, ही खूण आहे. रमेशच्या वडिलांबद्दल तशी काहीच नाही. पाचवीच्या पुढच्या मुलांना हा फरक नीट कळतो, तिसरीला नाही कळला तरी चालेल.

## टप्पा ६: पाठ्यपुस्तकाकडं

आता बालभारतीचा धडा घ्या. पानावरचं चित्र कागदानं झाका, परिच्छेद वाचा, मुलांना आपापलं चित्र सांगू द्या, मग कागद काढा. चित्रकारानं काय घेतलं, काय सोडलं, मजकुरात नसलेलं काय घातलं? चित्रकारानंही अनुमान केलेलं असतं हे मुलांना पटकन उमगतं.

आधी जोडीनं, मग एकट्यानं. शिष्यवृत्ती आणि इतर परीक्षांच्या उताऱ्यांसाठी वेगळी तयारी नको. फक्त प्रत्येक प्रश्नाला "उत्तर ओळीत आहे" की "ओळींवरून काढायचंय" अशी खूण करायची सवय लावा. त्यानं ओळ शोधत बसण्यात वेळ जात नाही.

बहुवर्ग शाळेत दोन इयत्तांना एकच उतारा चालतो. लहानांनी पहिले दोन रकाने तोंडी भरायचे, मोठ्यांनी तिन्ही लिहून.

## शिकलं की नाही हे कसं ओळखायचं

पूर्वी न वाचलेला उतारा द्या आणि "कशावरून" हा शब्द उच्चारू नका. मूल आपणहून ओळ दाखवत उत्तर देत असेल तर शिकलं. उत्तर बरोबर पण ओळ दाखवत नसेल तर टप्पा ४. ओळ दाखवतं पण तीच ओळ उत्तर म्हणून वाचतं, तर टप्पा १ चे दोन रकाने. काहीच बोलत नसेल तर आधी वाचनाचा वेग तपासा, बहुतेक वेळा अडचण तिथंच असते. चित्राला गुण देऊ नका, दिलेच तर दाखवलेल्या आधाराला द्या.

## वर्षाचं वेळापत्रक

जूनच्या मध्याला शाळा सुरू झाली की पहिला पंधरवडा मुलं रुळण्यात जातो. जुलैत टप्पा १ धरा आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टप्पा ४ दोनदा तरी होऊ द्या. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या ज्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या जातात तिथं दिवाळीनंतर हजेरी घसरते, म्हणून मुख्य काम त्याआधी झालेलं हवं. जी मुलं मार्च-एप्रिलमध्ये परत येतात त्यांना थेट चालू धड्यावर बसवू नका. दोन दिवस टँकरचा उतारा, मग गणू-बाळूची जोडवाक्यं, आणि त्यानंतर तीन रकाने. गावात राहिलेल्या एका मुलाला त्यांच्या जोडीला द्या आणि मोठ्यानं विचार करायचं काम या वेळी त्या मुलाकडं सोपवा.